घरं मोजली, चुली राहिल्या

कार्यालय बघायला आलेली माणसं आधी वर बघतात. झुंबर, छताची नक्षी, पंखे किती, दिवे किती. मी त्यांना खाली बघायला सांगतो. हात धुतलेलं पाणी कुठे जातं, आचाऱ्याच्या जागेला उतार कुठल्या बाजूला आहे, फाटकातून टेम्पो वळतो का, आणि पाचशे बायकांमागे स्वच्छतागृहं किती. झुंबर एकदाच बघितलं जातं, बाकीच्या गोष्टी दिवसभर लागतात.

सावेडीच्या पुढे, मनमाड रस्त्याला लागून असलेल्या एका मंगल कार्यालयात मी तेवीस वर्षं व्यवस्थापक आहे. लोक मला नावाने ओळखत नाहीत, ‘मॅनेजर’ म्हणतात. तेवीस वर्षांत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. हॉलमध्ये आवाज घुमतो का हे तपासायला एका वरबापाने रिकाम्या स्टेजवर उभं राहून सगळी मंगलाष्टकं म्हटली होती. त्याच्या बायकोने शेवटी विचारलं, “झालं का लागून? आता जेवायला कुठं जायचं?” एका जोडप्याला भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर लग्न करायचं होतं. मी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या: साठीच्या पुढची माणसं किती, आणि गाडीपासून मांडवापर्यंतचा उतार किती. त्यांना माझे प्रश्न अरसिक वाटले. लग्न झाल्यावर नवरदेव मुद्दाम येऊन सांगून गेला की चौदा म्हाताऱ्या माणसांनी लग्न वरून, गाडीत बसून पाहिलं.

जागा निवडणं हे मुळात गणित आहे असं मी मानतो. किती माणसं, कुठून, किती वेळासाठी. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये दिलेल्या पत्रिकेमागे दीड माणूस धरायचा. स्कूटरवर दोघं येतात, पण प्रत्येक घरातून येत नाहीत, आणि चाळीस मिनिटांत जेवून परततात. खेडेगावातला हिशेब वेगळा. तिथे साधी पत्रिका दिली तर दोन माणसं. पण ‘चूलबंद’ आमंत्रण दिलं तर घरातलं सगळं माणूस येतं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. ते सांगायला घरचा माणूस स्वतः दारोदार जातो, उंबऱ्यावर अक्षता ठेवतो. चूलबंद घराला मी पाच माणसं धरत असे. हा पाचाचा गुणाकार माझा स्वतःचा. वर्षानुवर्षं तो वीस-तीस पानांच्या फरकाने बरोबर येत होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

तो गुणाकार कुठे चुकला ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी पाथर्डीकडच्या एका गावातून किसनराव नावाचे गृहस्थ आले. शाळेत शिपाई होते, निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशात छोटी वही, बोलणं हळू. थोरल्या पुतणीचं लग्न होतं, अश्विनीचं. मुलीचा बाप म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ बबन. तो बायकोसह ऊसतोडीला गेलेला, म्हणून सगळी जबाबदारी चुलत्यावर. नवरा मुलगा सैन्यात. त्याची रजा माघातच मिळत होती, त्यामुळे तारीख हलवता येत नव्हती.

“चूलबंद किती?” मी विचारलं.

“एकशे बहात्तर घरं. गावातलं एक बी घर सोडलं न्हाई. मी सोता गेल्तो अक्षदा घेऊन.”

एकशे बहात्तर गुणिले पाच, आठशे साठ. वराकडची मंडळी अडीचशे, किरकोळ चाळीस. अकराशे पन्नास पानं. आठशे खुर्च्या मांडायच्या, बाकीचे येत-जात राहतील. मी कागदावर लिहून दिलं आणि किसनरावांनी तो कागद घडी करून वहीत ठेवला.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला वऱ्हाड आलं, त्यांची अडीचशेच्या जवळपास माणसं. मुलीकडची बाजू भरेना. एक बस आली, तीत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. दोन जीप आल्या. बबन आदल्या दिवशी फडावरून आला होता. नवा फेटा बांधून तो फाटकाशी हात जोडून उभा होता. मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली तेव्हा मी मोजलं. मुलीकडचे दोनशेही नव्हते. मागच्या रांगाच्या रांगा रिकाम्या, पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या नुसत्या पंख्याखाली.

वरपक्षातला एक वडीलधारा पान लावता लावता म्हणाला, “मानूसबळ कमीच दिसतंय पाव्हन्यांचं.” हळू बोलला नव्हता तो.

तेवढ्यात नवरीची धाकटी बहीण माझ्याकडे आली. कावेरी तिचं नाव, दहावीत होती. परकर-पोलकं नवं, चेहरा तापलेला.

“काका, मागच्या खुर्च्या उचला ना.”

“का गं?”

“आण्णा सारखं मागं बघत्यात.”

आण्णा म्हणजे बबन. मी माणसं लावून तीनशे खुर्च्या उचलल्या. मंगलाष्टकं चालू असताना भिंतीआड खुर्च्या एकात एक घातल्याचा आवाज येत होता. लग्न लागलं. बबन परत फाटकाशी जाऊन उभा राहिला. तीन वाजेपर्यंत तो तिथेच होता. मी जेवायला बोलावलं तर म्हणाला, “कोनी आलं आन् मी जागंवर नसलो तर?”

सातशेच्या वर पानांचं अन्न उरलं. ते आम्ही वसतिगृहांना पाठवलं. बुंदीची पातेली टेम्पोत चढवताना किसनराव मला म्हणाले, “माझीच मोजनी चुकली, मॅनेजर.” मी समजूत काढल्यासारखं डोकं हलवलं.

खरं तर मला त्याच क्षणी कळलं होतं. एकशे बहात्तरपैकी निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लावलेली होती. किसनरावांनी रीत पाळली होती. आमंत्रण घराला द्यायचं असतं, घर बंद असलं तरी. कुलपाच्या कडीत पत्रिका अडकवायची, उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या. घर वगळलं तर भावकीत बोल लागतो. त्यांनी घरं बरोबर मोजली होती. पण त्या घरांतल्या चुली दिवाळीनंतरच बंद झाल्या होत्या. माणसं तिकडे कारखान्यांच्या हद्दीत, उसाच्या फडाशेजारी, उसाच्या वाळल्या पानांच्या, म्हणजे पाचटाच्या, झोपड्या – कोप्या – बांधून राहत होती. मी मात्र त्या बंद घरांना पाचाने गुणलं होतं. आणि मला हे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. पूर्वेकडून येणारे ट्रक दर वर्षी दिवाळी झाली की आमच्या फाटकासमोरून जातात. वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, बाया. तेवीस वर्षं ते मी पाहतो आहे. मी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही, आणि चूक किसनरावांच्या नावावर राहू दिली.

त्यानंतर सहा वर्षांनी किसनराव परत आले, या वेळी कावेरीला घेऊन. ती आता परिचारिका झालेली, नगरच्याच एका रुग्णालयात नोकरीला. तिचंच लग्न होतं. मुलगा औषधविक्रेता, सावेडीतला. त्या वर्षी उन्हाळ्यात गुरू-शुक्राचा अस्त असल्याने मे-जूनमध्ये मुहूर्त नव्हते, म्हणजे परत माघच.

“हेच कार्यालय पायजे,” किसनराव म्हणाले. “जितं मान खाली गेली, तितंच वर करायची. या टायमाला एकशे ऐंशी घरं हायेत. दोनदा जाईन अक्षदा घेऊन.”

कावेरी हॉलच्या मागच्या बाजूला बघत होती.

मी वही मिटली. “किसनराव, मागच्या वेळी मोजणी तुमची चुकली नव्हती. गुणाकार माझा होता. मी तुम्हाला विचारायला हवं होतं की या घरांच्या चुली सध्या कुठे पेटतात.”

ते म्हणाले, “सहा वर्सं मी भावाच्या म्होरं बसून जेवलो न्हाई, मॅनेजर.”

मी वही परत उघडली.

कावेरीने फोन काढला आणि बापाला लावला. टोळी तेव्हा फडातच होती, मागे कोयत्यांचा आवाज येत होता. तिने विचारत जायचं, मी लिहीत जायचं. या वेळी घरांची यादी केली नाही, चुलींची केली. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. एकशे ऐंशी घरांपैकी अडुसष्ट घरं गावात होती. एकशे बारा घरं संगमनेरच्या बाजूला प्रवरेच्या काठाने तीन ठिकाणी उतरली होती, एकमेकांपासून दहा किलोमीटरच्या आत. एका नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. असे दीडशे कोयते, म्हणजे तीनशे माणसं, वर लहान पोरं सव्वाशे धरा. तिथून आमचं कार्यालय नव्वद किलोमीटर. टेम्पोने जायला तीन तास, यायला तीन.

फोन मुकादमाने घेतला. नामदेव त्याचं नाव, टोळी त्याची. “साहेब, पुरा दिवस सुट्टी मी न्हाई देऊ शकत. गाडी भरली न्हाई तर कारखाना मलाच उसासारखा सोलील. पन सकाळची येक गाडी भरून दिली की अकराला मोकळं करतो. तुमी लगीन इकडं आना.”

“माझ्या पोरीचं लगीन हाय, नामदेव, जत्रंतला पाळना न्हाई हिकडं तिकडं हलवायला,” मागून बबनचा आवाज आला.

“मंग बस फाटकावर हात जोडून,” नामदेव म्हणाला. पलीकडे कुणीतरी हसलं. मला वाटतं बबनच.

हातचं गिऱ्हाईक सोडतो म्हणून आमचे शेठ, म्हणजे कार्यालयाचे मालक, माझ्यावर चिडले. “तू कार्यालयाचा मॅनेजर आहेस का त्यांचा?” मी म्हटलं, मुहूर्त कमी आहेत, ही तारीख आठ दिवसांत भरेल. ती पाच दिवसांत भरली. पण मुहूर्त कमी असल्यामुळेच संगमनेरमधली सगळी कार्यालयंही गेलेली होती. म्हणजे कुणाची तरी खासगी जागा शोधणं भाग होतं. रविवारी मी, किसनराव आणि कावेरी निघालो.

पहिलं एक रिसॉर्ट पाहिलं. हिरवळ, कारंजं, लाकडी पूल. तिथल्या तरुण व्यवस्थापकाने नियमांचा छापील कागद दिला. माणसं जास्तीत जास्त तीनशे, हिरवळीवर पंगत नाही, ट्रॅक्टर-ट्रॉलीला आत प्रवेश नाही. कावेरीने कागद वाचून परत दिला आणि कारंज्याचा फोटो काढला. “एवढंच नेते,” म्हणाली.

दुसरी जागा एका गोदामाची. मोठी होती, पण फाटक एकच, तेही आत उघडणारं. सातशे माणसं असताना आत उघडणारं फाटक मला चालत नाही. का, ते सांगायची वेळ कधी येऊ नये.

तिसरी जागा बबननेच सुचवली. भागाबाई नावाच्या बागायतदार बाईंचं खळं. पासष्टीच्या असतील. नवरा नाही, शेती स्वतः बघतात. कांदा वाळवायला केलेलं फरशीसारखं खळं, तीन बाजूंनी कडुलिंब, तोडणीवाल्यांच्या कोप्यांपासून दीड किलोमीटर. मी टेप काढला. एकशे चाळीस फूट लांब, नव्वद फूट रुंद. पंगतीला वाढप्याची वाट धरून माणशी आठ चौरस फूट लागतात. स्टेज, आचारी, पाण्याची पिंपं, नवरीची खोली सोडून एका वेळी सातशे माणूस आरामात बसत होतं. उतार उत्तरेला, सांडपाणी उसाच्या सरीत जाणार. फाटक बारा फुटी, बाहेर उघडणारं. घरात संडास एकच, पण फिरती स्वच्छतागृहं संगमनेरहून आणता येत होती. एक विजेची तार खाली आली होती, ती तेवढी नोंदवून ठेवली.

भागाबाई कमरेवर हात ठेवून माझं मोजणं बघत होत्या. “जमीन इकत घ्यायला आलाय का लगीन लावायला?”

मी भाड्याचा विषय काढला.

“भाडं नको. चार वर्सं झाली, ही टोळी माझा ऊस तोडती. त्यांच्यात मी कदी जेवले न्हाई, त्यांनी बोलावलं न्हाई. कोपीत कशी बोलावतील. आता जेवीन. पन मंडपाच्या खुंट्या ठोकताना माझी ठिबकची नळी फोडली, तर भर लग्नात भांडन करीन, आधीच सांगते.”

राहिला वरपक्ष. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. “कांद्याचं खळं?” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. तुमची दोनशे माणसं, गाड्या आणि एक बस. त्यांची सव्वाचारशे माणसं, ज्यांना नगरला येणं शक्यच नाही. गावाकडची दीडशे, जी कुठेही नेली तरी बसनेच येणार. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

“स्वच्छतागृहं किती?”

“सहा. पाणी धरून.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

लग्नाच्या दिवशी मी रजा घेऊन गेलो. चारशे खुर्च्या, बाकी ताडपत्र्या. साडेअकरा वाजले तरी वऱ्हाडाशिवाय कुणी नाही. बबन फेटा बांधून फाटकाशी उभा. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. पावणेबाराला कॅनॉलच्या रस्त्यावर धूळ दिसली. तीन ट्रॅक्टर, सहा ट्रॉल्या, आणि मागे चालत येणारी माणसं. अंगावर लग्नाचे कपडे, केस ओले, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. पहिल्या ट्रॉलीतून नामदेव मुकादम उतरला आणि बबनला म्हणाला, “सोड हात. आता खाली घे. किती येळ जोडशील.”

बबनने हात खाली घेतले नाहीत. प्रत्येकाला नमस्कार करत राहिला. मुहूर्त अकरा मिनिटं टळला, पण कुणी घाई केली नाही.

लग्न लागल्यावर मी स्टेजवर गेलो. कावेरी मुंडावळ्या सावरत हळूच म्हणाली, “काका, मागच्या खुर्च्या उचलल्या का?”

“नाही. चाळीस कमी पडल्या.”

ती हसली आणि तिला एकदम रडू आलं. नवऱ्या मुलाने माझ्याकडे रागाने पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं.

भागाबाई पहिल्या पंगतीला बसल्या, अश्विनी आणि तिच्या फौजी नवऱ्याच्या शेजारी. किसनराव आणि बबन दुसऱ्या पंगतीला समोरासमोर बसले. मी लांबूनच पाहिलं.

तीनच्या सुमारास किसनराव म्हणाले, कोप्यांवर जनावरं राखायला दोन म्हातारे थांबलेत, त्यांचे डबे देऊन येऊ. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. मळीच्या वासाचं मोकळं रान, त्यात पाचटाच्या कोप्यांच्या रांगा. प्रत्येक कोपीसमोर तीन दगडांची चूल. मला मोजायची सवय. त्रेपन्न कोप्या. एकाही चुलीत धूर नव्हता. राख गार होती. किसनराव चालता चालता प्रत्येक चुलीकडे बघत होते. या वेळी उंबरे नव्हते, म्हणून लग्नाआधी अक्षता त्यांनी इथे येऊन, एकेका चुलीपाशी वाकून ठेवल्या होत्या.

शेवटच्या रांगेच्या पलीकडे, थोड्या अंतरावर, आणखी एक कोपी होती. तिथे धूर निघत होता.

एक बाई काठवटीत पीठ मळत होती. फडातून नुकतीच आलेली, पदराला पाचट चिकटलेलं. किसनराव थांबले. “वैनी, जेवायला न्हाई आल्या?”

“आमी तुमच्यातले न्हाईत, दादा. आमी तिकडचे, परभनीचे. आमची टोळी म्होरं गेली, ह्येंला ताप आला म्हनून आमी मागं ऱ्हायलो.” तिने पिठावर पाणी शिंपडलं. “लेकरं गेलीत सकाळपासून तुमच्या मांडवात. लेकरांला कोन आडवतंय. मी कशी येऊ, बोलावनं न्हाई तर.”

माझ्या यादीत ती नव्हती. मी गावाच्या चुली मोजल्या होत्या, आणि ती त्या गावची नव्हती. किसनरावांच्या यादीतही नव्हती. म्हाताऱ्यांना देऊन उरलेला एक डबा माझ्या हातात होता. तो पुढे करावा असं मला वाटलं, पण किसनरावांनी माझा हात मागे सारला.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तळाशी थोड्या अक्षता उरल्या होत्या. ते खाली बसले, चुलीच्या धगीपासून जरा बाजूला, पुढच्या दगडावर त्या ठेवल्या. आत कुणीतरी खोकलं.

“लगीन लागलं,” ते म्हणाले, “पन पंगत चालू हाय. चूलबंद हाय वैनी तुमाला. दाजीला बी घेऊन चला, गाडी हाय.”

बाईने मळलेल्या पिठावर ताट झाकलं, चुलीतली जळती लाकडं एकेक बाहेर ओढली आणि मातीत दाबून विझवली.

“जरा थांबा,” ती म्हणाली. “येनी घालते.”

ती आत गेली. आम्ही दोघे गाडीपाशी येऊन उभे राहिलो.